मूत्रवाहिनीतला खडा : वाट पाहावी, की फोडून काढावा?

वैशाखातली रात्र आहे. शेजारच्या घरात एकाएकी धावपळ सुरू होते. दिवसभर उन्हात काम करून आलेले काका कुशीला हात लावून गडबडा लोळत आहेत. कोणी म्हणते पोटात वायू धरला, कोणी ओवा आणि गरम पाणी पुढे करतो. शेवटी त्यांना दवाखान्यात नेतात. सुई टोचल्यावर तासाभरात कळ ओसरते आणि डॉक्टर सांगतात, “मुतखडा आहे. मूत्रवाहिनीत उतरला आहे.” दोन दिवसांनी दुखणे पार थांबते. काका हसत म्हणतात, “गेला वाटतं खडा!”

विद्यार्थी मित्रांनो, खडा खरोखरच गेला का? प्रश्न साधा वाटतो; पण काकांच्या एका मूत्रपिंडाचे भवितव्य त्याच्या उत्तरावर अवलंबून असू शकते. हा लेख वाचून झाल्यावर ते उत्तर तुम्हालाच देता येईल.

वीतभराहून थोडी लांब नळी

आपल्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मूत्रपिंड असते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यांतला बहुतेक सगळा परत रक्तात घेतात. उरते ते दीड लिटरच्या आसपास मूत्र. प्रत्येक मूत्रपिंडापासून एक नळी खाली मूत्राशयापर्यंत जाते. तिला मूत्रवाहिनी म्हणतात. तिची लांबी २५ ते ३० से. मी. असते आणि पोकळी अवघी ३ ते ४ मि. मी.

ही नळी बागेतल्या रबरी नळीसारखी निर्जीव नाही. तिच्या भिंतीत स्नायू असतात. मिनिटाला एक ते पाच वेळा आकुंचनाची लाट वरून खाली सरकते आणि मूत्राचा घोट पुढे ढकलते. म्हणून आपण आडवे झोपलो तरी मूत्र मूत्राशयाकडे जातच राहते.

मूत्रवाहिनी तीन ठिकाणी अरुंद असते : मूत्रपिंडातून निघते तेथे, ओटीपोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना ओलांडते तेथे, आणि मूत्राशयाच्या भिंतीतून आत शिरते तेथे. या तिघांत शेवटची जागा सर्वांत चिंचोळी. खडा वरच्या दोन जागा पार करून आला, तरी बहुधा येथे अडतो. आपल्याला विचार करायचा आहे तो मुख्यतः या खालच्या भागातल्या खड्याचा.

खडा येतो कोठून?

एका पेल्यातल्या पाण्यात मीठ विरघळवत गेलात, की एका मर्यादेनंतर ते विरघळेनासे होते. हे संपृक्त द्रावण होय. मूत्र हेही एक द्रावणच आहे. त्यात कॅल्शियम, ऑक्झॅलेट, फॉस्फेट, यूरिक आम्ल असे अनेक पदार्थ असतात. पाणी कमी पडले, की त्यांची संहती वाढते आणि स्फटिक बनू लागतात. मूत्रातले सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवते आणि ही क्रिया रोखते. हे सायट्रेट कमी असेल तर खडा होण्यास आणखी वाव मिळतो.

बहुसंख्य मुतखडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात. काही कॅल्शियम फॉस्फेटचे, काही यूरिक आम्लाचे, तर काही जंतुसंसर्गामुळे तयार झालेले असतात. खडा कशाचा आहे हे कळणे महत्त्वाचे आहे, कारण यूरिक आम्लाचा खडा मूत्राची आम्लता कमी करणाऱ्या औषधाने विरघळवता येतो. कॅल्शियम ऑक्झॅलेटचा खडा मात्र असा विरघळत नाही. यूरिक आम्लाचा खडा साध्या क्ष-किरण चित्रात दिसतही नाही.

कळ का येते, आणि का थांबते?

खड्याची टोके नळीला टोचतात म्हणून दुखते, अशी पुष्कळांची समजूत असते. खरे कारण वेगळे आहे. खडा वाट अडवतो, वरून मूत्र येतच राहते, नळी आणि मूत्रपिंड ताणले जाते. या ताणाची जाणीव मज्जातंतू मेंदूला देतात. ताणामुळे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ती मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा वाढवतात, त्यामुळे मूत्र आणखी बनते आणि दाब आणखी वाढतो. डॉक्टर जे वेदनाशामक प्रथम देतात, ते बहुधा या द्रव्यांची निर्मितीच रोखणारे असते. म्हणून ते इतके लागू पडते. पण हीच औषधे मूत्रपिंड आधीच दुबळे असलेल्या माणसाला घातक ठरू शकतात. तेव्हा ती आपल्या मनाने घेऊ नयेत.

कळ कुशीतून निघून जांघेकडे जाते, कारण या दोन्ही भागांचे मज्जातंतू मेरुरज्जूला जवळपास एकाच पातळीवर मिळतात. खडा अगदी मूत्राशयाच्या तोंडाशी आला, की वारंवार लघवीची भावना होते व जळजळते.

आता महत्त्वाची गोष्ट. वाट अडलेलीच राहिली, तर काही काळाने त्या बाजूचे मूत्रपिंड मूत्र बनवण्याचे काम कमी करते. दाब उतरतो आणि कळही थांबते. दुसरे मूत्रपिंड काम सांभाळत असल्याने माणसाला काहीच जाणवत नाही. म्हणजे दुखणे थांबले याचे दोन अर्थ होऊ शकतात : खडा बाहेर पडला, किंवा खडा तेथेच आहे आणि मूत्रपिंड हळूहळू निकामी होत आहे! कोणता अर्थ खरा, हे पुन्हा तपासणी केल्यावाचून कळत नाही.

पहिला उपाय : वाट पाहणे

सगळेच खडे काढावे लागत नाहीत. अमेरिका व युरोपातल्या मूत्ररोगतज्ज्ञांनी २००७ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात ५ मि. मी. किंवा त्याहून लहान असलेले मूत्रवाहिनीतले खडे शेकडा ६८ रुग्णांत आपोआप पडून गेल्याचे दिसले. ५ ते १० मि. मी. आकाराच्या खड्यांत हे प्रमाण शेकडा ४७ होते. खडा जितका खाली, तितकी तो आपोआप पडण्याची शक्यता अधिक.

म्हणून खडा लहान असेल, कळ औषधाने आवरत असेल, ताप नसेल आणि दोन्ही मूत्रपिंडे चांगली असतील, तर डॉक्टर थांबायला सांगतात. पण हे थांबणे म्हणजे विसरून जाणे नव्हे. ठरावीक दिवसांनी सोनोग्राफी किंवा क्ष-किरण चित्र काढून खडा कोठे आहे, मूत्रपिंड फुगले आहे का, हे पाहायचे असते. मूत्र पातळ फडक्यातून गाळून खडा सापडतो का तेही पाहतात. सापडल्यास तो फेकू नये. प्रयोगशाळेत देऊन तो कशाचा आहे हे समजून घ्यावे. चार ते सहा आठवड्यांत खडा पडला नाही, तर यापुढे वाट पाहणे धोक्याचे मानतात.

कळ येत असताना भराभर तांब्या-तांब्याने पाणी प्यायल्याने किंवा भरपूर सलाइन लावल्याने खडा रेट्याने बाहेर पडतो, असे मानण्यास चांगला पुरावा नाही. नळी अडलेली असताना वरून पाणी वाढवले तर काय वाढेल, याचा विचार तुम्हीच करा.

औषधाची खरी परीक्षा

मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातल्या स्नायूंना सैल करणारे टॅम्सुलोसिन नावाचे एक औषध आहे. नळी सैल झाली तर खडा लवकर पडेल, ही कल्पना तर्काला पटते. पण पटणारी कल्पना खरी असतेच असे नाही. ती पारखावी लागते.

ब्रिटनमधील संशोधकांनी अकराशेहून अधिक रुग्णांचे तीन गट चिठ्ठ्या टाकाव्या तसे पाडले. दोन गटांना दोन वेगवेगळी औषधे आणि तिसऱ्या गटाला दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : चार आठवड्यांत पुढील उपचारांची गरज न पडलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत शेकडा ८० च्या आसपासच होते! म्हणजे सरसकट सगळ्यांना औषधाचा फायदा नव्हता. पुढे चीनमध्ये तीन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत, मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाकडील ५ मि. मी. पेक्षा मोठ्या खड्यांना मात्र हे औषध उपयोगी पडल्याचे आढळले. लहान खडा तसाही पडतो, मोठ्याला थोडी मदत होते, असा याचा अर्थ. या औषधाने काहींना चक्कर येते, म्हणून तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे.

येथे आणखी एक धडा आहे. कोणी कुळथाचे कढण घेतो, कोणी पानफुटीची पाने खातो, आणि खडा पडला की म्हणतो, “गुण आला.” पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांतही शंभरांतले ऐंशी जण पुढील उपचारांवाचून सुटले होते, हे आठवा. तुलनेसाठी दुसरा गट असल्याखेरीज कोणत्याही उपायाचे श्रेय ठरवता येत नाही.

विमानापासून मुतखड्यापर्यंत

खडा पडत नसेल तर तो फोडावा लागतो. शरीराला न कापता बाहेरून फोडण्याची युक्ती जर्मनीत निघाली, आणि तीही विमानांच्या अभ्यासातून. डॉर्निए या विमाने बनवणाऱ्या कंपनीचे शास्त्रज्ञ, अतिवेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आपटले तर काय होते याचा अभ्यास करीत होते. थेंबाच्या आघाताने निर्माण होणाऱ्या लाटा धातूतून आत जाऊन दूरवर परिणाम करतात, हे त्यांना दिसले. या आघात-तरंगांनी शरीरातला खडा फुटेल का, असा प्रश्न पुढे आला. अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर म्यूनिक येथे ख्रिस्तियान शॉसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फेब्रुवारी १९८० मध्ये पहिल्या रुग्णाच्या मूत्रपिंडातला खडा या पद्धतीने फोडला.

यामागील भूमिती तुमच्या ओळखीची आहे. लंबवर्तुळाला दोन नाभी असतात. एका नाभीतून निघालेली लाट लंबवर्तुळाच्या भिंतीवर कोठेही आपटली, तरी परावर्तित होऊन दुसऱ्या नाभीतच येते. शिवाय प्रत्येक मार्गाची एकूण लांबी सारखीच असल्याने सगळ्या लाटा एकाच क्षणी पोहोचतात. त्या यंत्रात धातूच्या अर्ध्या लंबवर्तुळाकार कटोऱ्यात, पहिल्या नाभीवर, पाण्याखाली सुमारे २०,००० व्होल्टची ठिणगी पाडत. रुग्णाला पाण्याच्या टाकीत अशा रीतीने ठेवत, की खडा बरोबर दुसऱ्या नाभीवर येईल. ठिणगीजवळ विखुरलेली ऊर्जा खड्यापाशी एकवटते आणि तेथे क्षणभर शेकडो वातावरणांइतका दाब निर्माण होतो.

मग त्वचा आणि स्नायू का फाटत नाहीत? एक तर तेथे लाटा पसरलेल्या असतात. दुसरे असे, की शरीराच्या मऊ भागात पाण्याचेच प्रमाण अधिक. ध्वनीचा वेग पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, तर मऊ ऊतींत सुमारे १,५४० मीटर. घनताही जवळजवळ तीच. त्यामुळे लाट पाण्यातून शरीरात अडथळ्यावाचून शिरते. खड्याची घनता व काठिण्य वेगळे असल्याने त्याच्या पृष्ठभागांवर लाट परावर्तित होते, ताण पडतो आणि एक-दोन हजार आघातांत खड्याचा चुरा होतो. हवेत मात्र वेग व घनता फारच कमी असल्याने लाट हवेपाशी अडते. नव्या यंत्रांत टाकीऐवजी पाण्याची उशी आणि जेल वापरतात ते मधली हवा काढून टाकण्यासाठीच.

या पद्धतीला मर्यादा आहेत. चुरा शेवटी मूत्रावाटेच बाहेर पडावा लागतो. फार कठीण खडा फुटत नाही. गरोदर स्त्रीला किंवा रक्त न गोठण्याचा विकार असलेल्याला हा उपचार देत नाहीत. मूत्रवाहिनीच्या खालच्या भागाभोवती कटीची हाडे आणि वायूने भरलेली आतडी असतात. तेथे नेम धरणे अवघड जाते. काही वेळा रुग्णाला पालथे झोपवावे लागते.

नळीत शिरणारी दुर्बीण

दुसरा मार्ग म्हणजे मूत्रमार्गातून मूत्राशयात, तेथून मूत्रवाहिनीत बारीक दुर्बीण घालायची आणि खडा डोळ्यांनी पाहून फोडायचा. १९१२ साली अमेरिकेत ह्यू हँप्टन यंग यांनी एका मुलाच्या मूत्रवाहिनीत दुर्बीण घातली होती. पण त्या मुलाची मूत्रवाहिनी रोगामुळे फुगलेली होती म्हणूनच ते जमले. निरोगी माणसाच्या ३ मि. मी. नळीत जायला तशीच बारीक दुर्बीण हवी होती.

ती शक्य झाली प्रकाशतंतूंमुळे. १९५४ साली लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि त्यांचे विद्यार्थी नरिंदरसिंग कपानी यांनी काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवले. कपानी मूळचे पंजाबातल्या मोग्याचे. काचेतून हवेकडे जाणारा किरण एका विशिष्ट कोनापेक्षा अधिक तिरपा असला, तर तो बाहेर न पडता पूर्णपणे आत परावर्तित होतो. तुम्ही शाळेत शिकता ते हेच पूर्ण आंतरिक परावर्तन. १९८० च्या सुमारास मूत्रवाहिनीसाठी खास लांब दुर्बिणी तयार झाल्या. आज त्यांच्या टोकाची जाडी २ ते ३ मि. मी. असते.

खडा लहान असेल तर इटलीच्या एन्रीको डॉर्मिया यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तारेच्या टोपलीत पकडून तो बाहेर ओढतात. मोठा असेल तर दुर्बिणीतूनच केसासारखा बारीक तंतू नेऊन होल्मियम लेसरने फोडतात. या लेसरची तरंगलांबी २,१०० नॅनोमीटर, म्हणजे तो अवरक्त आणि डोळ्यांना अदृश्य. पाणी त्याला फार जोराने शोषून घेते. म्हणून तंतूच्या टोकापुढे अर्धा मि. मी. गेल्यावर त्याची शक्ती जवळजवळ संपते. खड्याला टेकवला तर खडा तापून फुटतो, आणि मधे पाणी असेल तर शेजारची भिंत वाचते. नाजूक नळीत याहून सोयीचे हत्यार कोणते?

काम झाल्यावर नळीला सूज येते. मूत्राची वाट मोकळी राहावी म्हणून काही वेळा आत एक मऊ नळी ठेवतात. तिची दोन्ही टोके वळलेली असतात, त्यामुळे ती वर वा खाली सरकत नाही. अशी दोन्ही टोकांची वळलेली नळी १९७८ साली प्रथम वापरात आली. ती ठरलेल्या दिवशी काढलीच पाहिजे. “आता दुखत नाही” म्हणून माणूस परत गेलाच नाही, तर काही महिन्यांत त्या नळीवरच खडे साचतात आणि मग ती काढणे मूळ खडा काढण्यापेक्षा अवघड होते. तुमच्या घरी कोणाला अशी नळी बसवली असेल, तर ती काढण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवण्याचे काम तुम्ही अंगावर घ्या.

पोट उघडून खडा काढण्याची शस्त्रक्रिया पूर्वी सर्रास होई. आता ती क्वचितच, फार मोठ्या किंवा घट्ट रुतलेल्या खड्यासाठी करतात.

मग निवड कशी करावी?

२००७ च्या त्याच आढाव्यात, खालच्या मूत्रवाहिनीतला १० मि. मी. पर्यंतचा खडा दुर्बिणीने शेकडा ९७, तर आघात-तरंगांनी शेकडा ८६ रुग्णांत निघाल्याचे दिसले. आकड्यांवरून दुर्बीण सरस वाटते. पण तिच्यासाठी भूल लागते आणि क्वचित नळीला इजा होऊ शकते. आघात-तरंगांना बहुधा भूल लागत नाही, मात्र एकाहून अधिक खेपा कराव्या लागू शकतात. म्हणून खड्याचा आकार, जागा, कठीणपणा, रुग्णाची प्रकृती, गावाजवळ कोणती सोय आहे आणि खर्च किती झेपेल, या सगळ्यांचा विचार करून डॉक्टर व रुग्ण मिळून निर्णय घेतात.

एका परिस्थितीत मात्र विचार करत बसायला वेळ नसतो. अडलेल्या मूत्रात जंतू वाढले, तर थंडी वाजून ताप येतो आणि विष रक्तात पसरून काही तासांत प्राणावर बेतू शकते. एकच मूत्रपिंड असलेल्या माणसाची लघवी बंद झाली तरी तेच. अशा वेळी घरगुती उपाय न करता रात्रीच रुग्णालय गाठावे. तेथेही आधी खडा फोडत नाहीत. प्रथम नळी घालून कोंडलेले मूत्र मोकळे करतात आणि ताप उतरल्यावर खड्याकडे वळतात.

पुन्हा खडा होऊ नये म्हणून

एकदा खडा झालेल्या माणसाला तो पुन्हा होण्याचा संभव असतो. इटलीत एकदा खडा झालेल्या १९९ रुग्णांवर पाच वर्षे केलेला अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. भरपूर पाणी पिणाऱ्या गटात शेकडा १२ जणांना पुन्हा खडा झाला. इतरांत शेकडा २७ जणांना. दिवसाला दोन ते अडीच लिटर मूत्र होईल इतके पाणी प्यावे. उन्हात घाम गाळणाऱ्याला त्यासाठी कितीतरी अधिक पाणी लागेल. मूत्र फिकट दिसते का, ही सोपी खूण.

खड्यात कॅल्शियम असते म्हणून दूध बंद करावे, असे पुष्कळ जण सांगतात. त्याच इटालियन संशोधकांनी २००२ साली याच्या उलट दाखवले. कॅल्शियम तोडलेल्या ६० पुरुषांपैकी २३ जणांना पाच वर्षांत पुन्हा खडे झाले. नेहमीइतके कॅल्शियम घेऊन मीठ व मांसाहार कमी केलेल्या ६० जणांत १२ जणांना. कारण अन्नातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला बांधून बाहेर नेते. लोणचे-पापड कमी करावे ते मिठासाठी. टोमॅटोच्या बियांना उगाच दोष देतात; ऑक्झॅलेट भरपूर असते ते पालकात. लिंबाच्या रसात सायट्रेट असते, म्हणून लिंबूपाणी चांगले.

आता काकांकडे वळू या. त्यांना काय सांगाल? “काका, दुखणं थांबलं हे चांगलंच झालं. पण खडा हातात आलेला नाही. तेव्हा तपासणी करून घ्या, आणि तोवर खडा आतच आहे असं धरून चाला.”

करून पाहा

१. पुठ्ठ्यावर १० से. मी. अंतरावर दोन टाचण्या टोचा. त्यांना १६ से. मी. दोऱ्याची दोन टोके बांधा. पेन्सिलीने दोरा ताणून धरत वक्र काढा. हे लंबवर्तुळ, आणि टाचण्या म्हणजे त्याच्या नाभी. वक्रावरील कोणत्याही बिंदूपासून दोन्ही नाभींची अंतरे मोजा. बेरीज नेहमी किती येते? सगळ्या लाटा एकाच वेळी का पोहोचतात, हे यावरून सांगा.

२. गरम पाण्यात तुरटीचे संपृक्त द्रावण करा. त्याचे दोन सारखे भाग दोन पेल्यांत घ्या. एकात तेवढेच पाणी आणखी घाला. दोन्हींत दोरा सोडून चार दिवस झाकून ठेवा. स्फटिक कोणत्या पेल्यात धरतात? याचा मुतखड्याशी काय संबंध?

३. खडा गोल आहे असे समजा. ८ मि. मी. व्यासाच्या खड्याचे घनफळ ४ मि. मी. व्यासाच्या खड्याच्या किती पट? लेसरला दोन्हींसाठी सारखाच वेळ पुरेल का?